रस्त्याला पाजलेलं पाणी

माझ्या सासूनं आयुष्यात कुणाला पाण्याला नाही म्हटलं नव्हतं. त्यापायी एका उन्हाळ्यात माझी गाय दावणीवरून जायची वेळ आली. लोक म्हणतात, झालं गेलं विसरून जावं. जावं की! ज्याची गाय नव्हती त्यानं खुशाल विसरावं.

आमचं घर नांदेड-लातूर रस्त्यावर. लोहा मागं टाकून अहमदपूरकडं निघालं की रस्त्याला अगदी खेटून. चार खोल्या, वर पत्रे, पुढं अंगण, अंगणाच्या टोकाला गोठा आणि गोठ्याशेजारी विहीर. विहिरीपलीकडं लगेच रस्ता. मी सून म्हणून आले तेव्हा तो डांबरी होता, म्हणजे सरकारी कागदावर डांबरी. दोन्ही बाजूंनी निजामाच्या काळच्या चिंचा होत्या. त्यांच्या सावलीत बसलं तर एसटी उशिरा आली तरी कुणी शिव्या देत नसे.

याच रस्त्यावर माझे सासरे गेले. छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना जीपमध्ये घालून नांदेडला निघाले होते. ऐन पावसाळा, खड्डे पाण्यानं भरलेले, एका खड्ड्यात जीपचा पाटा तुटला. दुसरी गाडी मिळेपर्यंत त्यांचं डोकं सासूच्या मांडीवर होतं, आणि गाडी मिळाली तेव्हा नांदेडला जायची गरज उरली नव्हती. हे माझ्या लग्नाच्या आधीचं. पण सासूनं ते इतक्यांदा सांगितलंय की तो खड्डा मला ठाऊक होता, खड्ड्याशेजारची चिंचही.

तर रस्ता मोठा होणार, सिमेंटचा होणार असं कळलं तेव्हा गावात सगळ्यात जास्त आनंद तिला झाला. मशिनी आल्या. आधी चिंचा आडव्या झाल्या. मग जुनं डांबर खरवडून त्याचे काळे ढीग आमच्या शेजारच्या ओढ्यात लोटले. मग गावामागच्या टेकडीला पोकलेन लागलं. मुरूम तिथला, गिट्टी तिथली. खडी फोडायच्या मशिनीची धूळ तुरीवर बसायची, वाळत घातलेल्या धुण्यावर बसायची, दुधाच्या सायीवर बसायची. मी दिवसभर धुसफुसायची. सासू म्हणायची, "होऊ दे गं. बाळंतपन म्हनलं की घरात घान होतीच."

बाळंतपण! मी धुळीची साय काढून फेकून दिली.

उन्हाळ्याच्या तोंडावर सिमेंट पडलं आणि त्यामागोमाग टँकर आला.

ज्यांनी घर बांधलंय त्यांना माहीत आहे, नव्या सिमेंटला पाणी पाजावं लागतं. ओलं राहिलं तर घट्ट धरतं, वाळलं तर तडकतं. रस्त्याचंही तसंच. सिमेंटवर मातीचे बांध घालून कांद्याला पाडतात तसे वाफे पाडतात आणि ते पाण्यानं भरतात. उन्हानं आटलं की पुन्हा भरायचं. कुठवर? जिथवर रस्ता, तिथवर. आणि पाणी कुणाचं? ज्याची विहीर रस्त्याला खेटून, त्याचं.

टँकरवाला पहिल्यांदा आला तेव्हा मी रानात होते. सासूनं त्याला गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या दिला. तो घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "माय, रस्त्याला बी पानी लागतंय. तुमच्या हिरीतून नेऊ का?" ती नुसती 'हाव, ने' म्हणून थांबली असती तरी मी काहीतरी तोड काढली असती. पण नाही. तिनं घरातून नारळ आणला, विहिरीच्या काठावर फोडला आणि आसरांना सांगितलं, रस्ता पुरा होईस्तोवर माझ्या हिरीचं पाणी रस्त्याचं.

आता आसरांचं सांगायला हवं. आमच्या विहिरीत खोल, खडकाला लागून एक कोनाडा आहे. त्यात शेंदूर लावलेले सात दगड आहेत. साती आसरा, पाण्यातल्या देवी. एरवी त्या पाण्याखाली असतात, हळदकुंकू वरूनच टाकायचं. माझ्या लग्नापासून मी त्यांना डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. घराण्याचा नियम असा की आसरा उघड्या पडल्या की दावणीला जनावर ठेवायचं नाही, उरलेलं पाणी माणसांचं. माझ्या आजेसासूनं त्या नियमापायी बैलजोडी विकली होती. दुसरा नियम असा की आसरांपुढं दिलेला शब्द फिरवायचा नाही. या दोन नियमांच्या मधोमध माझी गाय बांधलेली होती.

गाय लाल कंधारी जातीची. माझं माहेर मुदखेडकडचं. वडिलांनी लग्नात आंदण म्हणून जी गाय दिली, तिची ही नात. जन्मताच आई गेलेलं वासरू मी बाटलीनं वाढवलेलं, म्हणून माझ्या आवाजाला कान टवकारणारं. त्या उन्हाळ्यात ती गाभण होती, दिवस भरत आले होते. या घरात सगळं सासरचं. माहेरचं म्हणावं असं माझ्याजवळ तेवढंच होतं.

टँकर रोज येऊ लागला. आधी सकाळी, मग सकाळ-संध्याकाळ. पाइप विहिरीत सोडला की मशीन घरघरायचं. मी उठल्या उठल्या काठावर जाऊन वाकून बघायची. काल ओली असलेली कपार आज कोरडी. परवा पाण्यात असलेलं पिंपळाचं मूळ आज लोंबतंय. गावातले बाकीचे आड आधीच तळाला गेले होते, गल्लीतल्या बायाही आमच्याच विहिरीवर येत. त्यांना काय सांगणार? आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार!

मी नवऱ्याला गाठलं. "आवो, जरा आत्याबाईला सांगा की."

"काय सांगू? हिर तिची, शब्द तिचा."

"आन् गाय?"

"गाय तुझी," म्हणाला आणि खांद्यावर टॉवेल टाकून निघून गेला. आई आणि बायकोत सापडलेल्या माणसाला टॉवेल लई लवकर सापडतो.

मग मी सरळ सासूपुढं जाऊन उभी राहिले. ती ज्वारी निवडत होती. म्हटलं, "आत्याबाई, पानी लई खाली गेलंय. चार वाफे कोरडे राहिले तर रस्ता मरत न्हाई."

तिनं मान वर केली नाही. "मानूस मरतंय," म्हणाली. "माझं मेलंय त्या रस्त्यावर. दुसरीचं मरू नये म्हनून देऊन राहिले पानी. तुला न्हाई कळायचं."

सूप हिसकून घ्यावंसं वाटत होतं आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं. दोन्हीतलं एकही केलं नाही. गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. तिच्या पोटात वासरू हललेलं हाताला कळत होतं.

एका दुपारी माझं डोकं फिरलं. टँकरवाल्यानं नुकतेच घरासमोरचे वाफे भरले होते. ऊन असं की पाण्यावरून वाफ निघताना दिसत होती. माझ्या विहिरीचं पाणी माझ्या डोळ्यांदेखत आभाळात चाललं होतं! मी दोन बादल्या उचलल्या, रस्त्यावर चढले आणि वाफ्यातून पाणी भरायला लागले. मला बघून गल्लीतल्या बाया घागरी घेऊन आल्या. कुणाचा पाय लागला, बांध फुटला, पाणी खाली वाहिलं. देखरेखीचा साहेब मोटारसायकलवरून भरधाव आला.

"मावशी, काय करताय? रस्ता तडकेल!"

"माझ्या हिरीचं पानी हाय."

"तुमच्या सासूबाईंनी दिलंय ते."

"सासूनं दिलं, सून परत घेऊन राहिली!"

बाया खदखदून हसल्या. साहेबालाही हसू आवरेना, पण त्याला राग धरायचा होता. "अहो मावशी, हा रस्ता तुमच्या नातवंडांना पुरणार आहे. एकदा केला की बघायला नको. थोडे दिवस कळ काढा."

"आन् तवर गाईला काय पाजू? तुमचं डांबर?"

"डांबर आता कुठंय, मावशी," तो म्हणाला. खरंच होतं. डांबर आमच्या ओढ्यात होतं.

बादल्या घेऊन गोठ्यात आले. गाईपुढं एक ठेवली. तिनं तोंड लावलं, फुरकली आणि मान फिरवली. मी हातानं ओंजळ तिच्या नाकापाशी नेली, ती मागं सरकली. पाण्याला सिमेंटचा उग्र वास येत होता, हाताला चरचरत होतं. म्हणजे रस्त्यानं एकदा घेतलेलं पाणी परत घेऊनही उपयोगाचं नव्हतं. तिथंच गव्हाणीला टेकून मी रडले. मोठ्यानं रडले, कुणी ऐकलं असेल तर ऐकू दे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आसरा उघड्या पडल्या. सकाळी वाकले तर खाली पाण्याच्या कडेला शेंदरी काहीतरी चमकलं. आधी एक, मग डोळा बसल्यावर सगळ्या. इतकी वर्षं ज्यांना वरून हळदकुंकू टाकलं त्या अशा कोरड्या बसलेल्या बघून अंगावर काटा आला. मागं सासू येऊन उभी होती. तिनं खाली पाहिलं, हात जोडले आणि घरात गेली. नवऱ्यानं फोन काढला आणि अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात बोलला. कुणाशी, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी जनावरांचा व्यापारी आला. चहा ठेवला, पण मी नाही, नवऱ्यानं. व्यापारी गाईभोवती फिरला, कासेला हात लावला, म्हणाला, "आज-उद्याचं काम हाय. वाटंत व्याली तर?" नवरा म्हणाला, "टेम्पोत पेंढा टाकू." मी गाईचा कासरा मनगटाला गुंडाळला आणि गोठ्याच्या दारात बसले.

"ऊठ," नवरा म्हणाला.

"न्हाई उठत."

"लोकापुढं तमाशा करू नको."

"मंग लोकाला घरी पाठवा."

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. रोजच्यासारखा तो विहिरीपाशी मागं मागं येऊन थांबला. ड्रायव्हर उतरला, पाइप ओढत काठावर आला. सासू ओसरीवर बसली होती. ती उठली. चप्पल काढून ठेवली, अनवाणी अंगण ओलांडलं, वाटेत माझ्याकडं एकदा बघितलं, गाईकडं एकदा बघितलं आणि विहिरीच्या काठावर जाऊन त्या पाइपावर बसली. म्हणजे अगदी मांडी घालून बसली. ड्रायव्हर पाइप धरून तसाच उभा.

"माय, उठा की. येळ होऊन राहिला."

"न्हाई बाबा," ती म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आवाज चिरका निघाला, जणू तिलाच तो अनोळखी. "तुझ्या सायबाला जाऊन सांग, म्हातारी शब्दाला फिरली. दोन्ही नियम मोडल्याचं पाप लागलं तर मला लागंल. सुनंची गाय न्हाई जायची."

ड्रायव्हर बिचारा काय करणार? त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग पाइप गुंडाळला. व्यापाऱ्यानं चहा तसाच ठेवून चपला घातल्या. मी कासरा सोडला तेव्हा मनगटावर वळ उठले होते. सासू मात्र काठावरच बसून राहिली, विहिरीत बघत. दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी मी भाकरी घेऊन गेले तर म्हणाली, "आदी गाईला पाज."

गाय व्याली, कालवड झाली. सासूनं तिला स्वतः खरबरीत फडक्यानं पुसलं. पण त्या दिवसापासून ती विहिरीपाशी गेली की आत वाकून बघत नसे. हळदकुंकू टाकायचं तेही मान फिरवून. साहेबाच्या माणसांनी पुढं कुणाच्या तरी बोअरमधून पाणी आणलं. रस्ता झाला. त्याचं उद्घाटन झालं की नाही ते मला माहीत नाही, आमच्या घरासमोर तरी कुणी नारळ फोडला नाही.

रस्ता कसा झाला म्हणाल तर उंच झाला. आमचं अंगण खाली, रस्ता वर. पावसाळ्यात रस्त्यावरचं सगळं पाणी आमच्या दारात उतरतं, कारण ओढ्याचं तोंड त्या जुन्या डांबरानं चोंदलंय. उन्हाळ्यात सूर्य मावळला तरी सिमेंटची धग ओसरीपर्यंत येते. चिंचा असत्या तर, असं रोज कुणीतरी म्हणतं. गाड्या मात्र भन्नाट जातात. नांदेड जवळ आलंय, हे मीही कबूल करते.

आणि फार दिवस गेले नाहीत, बरोबर आमच्या विहिरीसमोर रस्ता तडकला. या कडेपासून त्या कडेपर्यंत भेग. नवरा मला चिडवायला म्हणाला, "घे, तुझ्या बादल्यांची करामत." मी हसून उडवलं. सासूला हसू आलं नाही. ती भेगेपाशी जाऊन बराच वेळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर ट्रकचा ब्रेक करकचून वाजला. धावत गेले. सासू रस्त्याच्या मधोमध वाकलेली, हातात पाण्याचा तांब्या, आणि ट्रक तिच्यापासून दोन हातांवर थांबलेला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता. ती शांतपणे भेगेत पाणी ओतत होती.

तिला दंडाला धरून बाजूला आणलं. "आवो, येडं लागलं का तुमाला?"

"शब्द मोडला म्हनून तडकला," ती म्हणाली. "तवा पानी तोडलं, आता तरी पाजते."

मी ओरडले, समजावलं, तांब्या लपवला. ती भांडं बदलायची. रोज सकाळी मी चुलीपुढं असले की ती निसटायची, आणि प्रत्येक हॉर्नला मी चूल सोडून बाहेर धावायची. ज्या रस्त्यावर नवरा गमावला त्याच रस्त्यावर ही बाई स्वतःलाही घालवणार असं दिसत होतं, तेही एका गाईपायी. माझ्या गाईपायी.

शेवटी मी ठरवलं. एक दिवस तिला स्कूटीवर मागं बसवलं आणि अहमदपूरच्या दिशेनं निघाले. "कुठं नेऊन राहिलीस?" "चला तर." थोडं पुढं गेलं की मी गाडी हळू करायची आणि बोट दाखवायची. "ही बघा भेग. इथं कुनी शब्द मोडला?" पुढं गेलो. "ही बघा. इथं तर पूर्ण लादीच खचली." आणखी पुढं भेगांत डांबर भरून काळ्या रेघा ओढलेल्या. एके ठिकाणी मशिनीनं रस्ता फोडून तुकडे शेताच्या बांधावर टाकलेले, लोखंडाच्या सळया वर आलेल्या. सगळ्या रस्त्याची हीच गत. माझ्या बादल्या नाहीत, तिचा शब्द नाही, कुणाचंच काही नाही. मला वाटलं, आता तरी तिच्या छातीवरचा दगड उतरेल.

ती मागून पुढं झुकली. मग माझ्या कानाशी म्हणाली, "म्हंजी समद्यांनी पानी देऊन बी तडकला?"

"हाव की. तेच तर दाखवून राहिले."

"मंग एवढं पानी गेलं कुठं गं?"

आरशात तिचं तोंड दिसत होतं. त्यावर हायसं वाटल्याची खूण नव्हती. इतके दिवस ती एका भेगेसाठी रडत होती, आता सगळ्या रस्त्यासाठी. मी गाडी वळवायला जागा बघू लागले.

फोडलेल्या ठिकाणी नवं सिमेंट भरलं होतं आणि त्यावर मातीचे वाफे पाडलेले होते, कोरडे. बाजूच्या शेतात एक टँकर उभा होता. रस्त्याला खेटून विहीर. ड्रायव्हर खाली उतरून पाइप सोडवत होता आणि घरातून एक तरणी बाई डोक्यावरचा पदर सावरत पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याकडं येत होती.

"गाडी थांबव," सासू म्हणाली.

"आत्याबाई, ऊन लई हाय."

"थांबव म्हनते ना!"

मी थांबवली. ती उतरली, काठी नव्हती म्हणून गुडघ्यावर हात टेकत तो उंच रस्ता उतरली, बांध ओलांडला आणि त्या बाईपुढं जाऊन उभी राहिली. ओळख ना पाळख. तिनं बाईचा तांब्या असलेला हात धरला आणि ड्रायव्हरकडं नेला.

"लेकी, ह्याला पोटभर पाज. गूळ बी दे. पर पाइप हिरीत सोडू देऊ नको. न्हाई म्हन. मला म्हनाया लई उशीर झाला."

ती बाई एकदा सासूकडं बघत होती, एकदा टँकरकडं. पाइप अजून ड्रायव्हरच्या हातातच होता.